मरळ जित्ती हाये

सावरटोला, तहसील गडचिरोली, जि. चांदा
रविवार, २७ नोव्हेंबर १९५५

प्रिय अन्नपूर्णा,

अनेक आशीर्वाद. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. माझी प्रकृती बरी आहे, खोकला आहे तेवढाच आहे. अक्षर मात्र नेहमीचं नाही. आज टाक बाजूला ठेवला आहे आणि जे पेन घेतलं आहे ते कित्येक वर्षं कोरडं पडून होतं. दोनदा कोमट पाण्यानं धुतलं, तरी मधेच अडतं आणि मधेच भस्कन शाई सोडतं. पोरांच्या वहीवर डाग दिसला की छडी उचलणाऱ्या माणसाच्या पत्रावर डाग पडले, तर तुला हसू येईल. खुशाल हस.

दिवाळीची सुट्टी अजून संपलेली नाही, शाळा येत्या गुरुवारी उघडेल. दुपारची वेळ आहे, मी तिसरीच्या वर्गात बसून लिहितो आहे आणि बाहेर ओसरीवर मंगली तांदूळ निवडते आहे. मंगली तुला आठवत असेल. तलावाच्या पाळीला, त्या बांधाला लागून जिची झोपडी, ती ढिवराची विधवा. लहानपणी तुला कमळाचं बी सोलून द्यायची आणि तू ते माझ्या तासाला खायचीस. तिच्या झोपडीच्या छपराचे कवेलू शुक्रवारी दिवसाढवळ्या कुणीतरी उतरवून फोडले. कुणी, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून ती शाळेत आहे. उद्या सोमवारी पाळीवर गाव बसणार आहे. तिला वैनगंगेपलीकडं हाकलायचं, पुन्हा या गावात पाय ठेवू द्यायचा नाही, हे उद्या ठरायचं आहे. ते टाळू शकेल असा माणूस गावात एकच आहे, आणि तो इथं बसून तुला पत्र लिहितो आहे. पण पहिल्यापासून सांगतो.

गेल्या रविवारी पहाटे मोठ्या तलावातली मासळी वर आली. रोहू, बोटरी, लहानसहान सगळं, पांढरी पोटं वर करून. सकाळी नऊपर्यंत पाळीवर उभं राहवेना इतका वास सुटला. पौषात जाळं पडायचं होतं. त्या एका जाळ्यावर आपल्या ढिवरांच्या बावीस घरांचं वर्ष निघतं हे तुला सांगायला नको. बायका पाण्याकडं बघत नुसत्या बसून होत्या. त्यांचा म्होरक्या उमाजी, ज्याचं तोंड सहसा बंद नसतं, एकेक मेलेला रोहू उचलून हुंगत होता.

दुपारपर्यंत गावाला गुन्हेगार सापडला होता. दिवाळीच्या लहान जाळ्याच्या वेळी वाट्यावरून मंगलीचं आणि उमाजीचं वाजलं होतं. ज्या घरातून जाळं ओढायला माणूस येतो त्या घराला पूर्ण वाटा, विधवेला अर्धा, ही रीत. यंदा उमाजीनं तिला अर्ध्याचाही अर्धा दिला. ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माह्या तोंडचा घास खाल, तं तुमाले पचनार नाई." आठ दिवसांत मासे मेले. झालं. आता हिनं काहीतरी केलं, हिला काहीतरी येतं, हिचा नवराही असाच गेला, इथपर्यंत गोष्ट संध्याकाळच्या आत पोचली. मला इतका राग आला की जेवण गेलं नाही.

राग आला तेव्हा मी तुझी वही काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू विसरून गेलीस ती तर्कशास्त्राची वही. विसरलीस की ठेवून गेलीस, हे मी अजून ठरवलेलं नाही. पावसाळ्यात मी ती चार वेळा वाचली. पन्नाशीला टेकलेला मास्तर पोरीच्या कॉलेजच्या वहीतून शिकतो म्हटल्यावर गाव हसेल, म्हणून दार लावून वाचली. पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस की शिवी म्हणजे युक्तिवाद नव्हे, गोष्ट सांगणं म्हणजे युक्तिवाद नव्हे, मोठ्यानं बोलणं तर नव्हेच. एक वाक्य दुसऱ्याला आधार देत असेल तरच तो युक्तिवाद. आधी 'म्हणून' कुठं आहे ते शोधा, त्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे ते बघा, आणि मग दोघांच्या मधे न बोललेलं काय आहे ते बोलून दाखवा. मला हे फार आवडलं. तीस वर्षं पोरांना शिकवतो आहे, पण हे कुणी मला असं सांगितलं नव्हतं. त्याच वहीत पुढं एक उदाहरण आहे. 'अ खोलीत गेली होती. खोलीतली वस्तू हरवली. म्हणून अ ने वस्तू घेतली.' त्याखाली तू लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आहेस. हे उदाहरण तुझ्या प्रोफेसरांचं की तुझं, हे मी तुला कधी विचारलं नाही. मी पान उलटलं.

बुधवारी भैयाजी पाटलांनी पाळीवर गाव बसवलं. मी वही कोटात घालून गेलो. मी म्हणालो, ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, पण आपल्या बोलण्यात 'म्हणून' कुठं आहे ते दाखवावं, नाही तर खाली बसावं. लोकांना आधी गंमत वाटली. दीड तासात अकरा माणसं बोलली. एकानं मावशीच्या गावची गाय कशी मेली ते सांगितलं, दुसऱ्यानं मंगलीच्या आईला शिव्या घातल्या, तिसरा रडला. त्यांना मी बसवत गेलो. मोजून तीन 'म्हणून' निघाले.

पहिला खुद्द भैयाजींचा. ती बोलली आणि मासे मेले, म्हणून तिच्या बोलण्यानं मेले. मी विचारलं, पाटील, मधलं वाक्य कुठं आहे? मंगली जे बोलते ते घडतं, हे ते वाक्य. ते खरं आहे का? मागच्या उन्हाळ्यात तिनं शेजारच्या पोचूच्या बैलाला साऱ्या गावादेखत तीनदा 'मर' म्हटलं होतं. तो बैल आजही तिच्याच परसातली वांगी खातो. माणसं हसली. भैयाजीही हसले, आणि माझ्या लक्षात आलं की मला हे जमतं आहे.

दुसरा पोचूचा. त्यानं रविवारी अगदी पहाटे मंगलीला तलावावरून येताना पाहिलं होतं. कमरेपर्यंत ओली, अंगाला काळा चिखल. म्हणून तिनंच पाण्यात काही टाकलं. मी म्हणालो, पोचू, तू तिला पाहिलंस म्हणजे तूही पहाटे पाण्यावरच होतास, मग तुलाही बांधू का? पुन्हा सगळे हसले. मंगली पाळीच्या खाली एकटी बसली होती, पदर तोंडाला लावून. ती हसली नाही. पहाटे कमरेइतक्या पाण्यात काय करत होतीस, हे तिला मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दुसऱ्याचा युक्तिवाद तोडला की आपलं काम संपलं असं मला वाटत होतं.

तिसरा उमाजीचा. तो उठला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा मंगलीला फाडून खाणार. पण तो तिच्याबद्दल बोललाच नाही. शब्द जसेच्या तसे देतो, कारण ते या आठवड्यात मी किमान शंभर वेळा मनात ऐकले आहेत. तो म्हणाला, "मरळ जित्ती हाये. वाघूर जित्ती हाये. रोहू मेला, बोटरी मेली. अन् पान्याले सनाचा वास येते. म्हून कोनी तरी तलावात सन भिजू घातला." बोलताना तो भैयाजींकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

तू गावची असलीस तरी ढिवरांच्या घरची नाहीस, म्हणून समजावून सांगतो. मरळ आणि वाघूर पाण्यावर तोंड काढून वरचा वारा घेतात. पाणी कुजलं, त्यातला जीव गेला, तरी त्या तगतात. रोहूला ते जमत नाही. विष पडलं असतं, किंवा करणी म्हणतात ती असती, तर मरळीला कुणी सूट दिली नसती. आणि पाणी कुजवायला सणाइतकं, म्हणजे दोरासाठी पाण्यात कुजवतात त्या तागाइतकं, दुसरं काही नाही. जाळ्याचा दोर सणाचाच, पण ढिवर सण भिजवतात तो गावाबाहेरच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात. पौषाचं जाळं पडेपर्यंत मोठ्या तलावात सणाची काडी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा पिढ्यांचा नेम आहे. म्हणजे उमाजीच्या बोलण्यात आधार होता, मधलं वाक्य होतं आणि ते वाक्य खरं होतं. तुझ्या वहीत घालावा असा युक्तिवाद तो अंगठाबहाद्दर माणूस पाळीवर उभा राहून बोलला होता. शिवाय ज्या बाईशी त्याचं वाजलं होतं तिला तो त्या युक्तिवादानं मोकळी करत होता. मंगलीकडं सण कुठला? तिच्याजवळ ना शेत ना जाळं.

आणि मी काय केलं? मी विचारलं, सण टाकला तर पेंढ्या कुठं आहेत, दाखव. नुसत्या वासावरून सण? मग उमाजी, वास तर तुझ्या धोतरालाही येतो, त्यात काय भिजू घातलंस? अख्खी पाळ हसली. उमाजी खाली बसला. बाजूच्या माणसानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो चिडला नाही, हे मला त्याच वेळी खटकलं होतं.

मी जिंकलो, आणि जिंकल्यावर कळलं की मंगली जिथं होती तिथंच आहे. भैयाजी म्हणाले, "गुरुजी, तुमी तं समद्यायचंच तोडलं. मंग मासे कायनं मेले थे तुमीच सांगा." मी वहीची पानं चाळू लागलो. ते म्हणाले, सोमवारपर्यंत सांगा. सांगता आलं नाही तर गाव आपल्या समजुतीप्रमाणे करेल. तिला सोडवणारा एकच रस्ता होता आणि तो मीच हसण्यावारी नेऊन बंद केला होता. शुक्रवारी तिचे कवेलू फुटले. सोमवारपर्यंतही काहींना धीर नव्हता.

काल शनिवारी सकाळी मी एकटाच तलावाला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्याला गेलो, जिथून नाला तलावात येतो. यंदा धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, फार दिवस उघडं राहिलं, त्यामुळं तलाव निम्म्याच्या खाली गेला आहे आणि राहिलेलं पाणी त्या कोपऱ्याच्या डोहात गोळा झालं आहे. मासळीही तिथंच गोळा झाली होती. तिथलं पाणी काळं होतं. कमळाच्या पानांखाली काठी घातली तर दगडांनी दाबलेल्या पेंढ्या लागल्या. काठावर पळसाच्या झुडपात आणखी पेंढ्या होत्या, पाण्यातून ओढून काढून एकावर एक रचलेल्या, चिखल वाळलेला. मी मोजल्या. बत्तीस. प्रत्येकीला गाठ होती, दोन वेढे आणि आतून फास. ती गाठ मी तिसरी-चौथीच्या पोरांना शिकवतो. ओला सण फुगला तरी ती सुटत नाही. गावातलं दुसरं कुणी ती मारत नाही.

मी त्या पेंढ्यांशेजारी बसलो. आता तुला सगळं कळलंच असेल, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. तरी मला लिहायचं आहे.

वर्ध्याच्या पद्धतीप्रमाणे शाळेत मूलोद्योग, म्हणजे शिक्षणासोबत हाताचं एखादं काम, दाखवावा लागतो. आपल्याकडं कापूस नाही, म्हणून मी दोर वळणं घेतलं. पोरांनी घरोघरून सण आणला, दोन गाड्या झाल्या. तपासनीस साहेब डिसेंबरात येणार, त्याआधी सण भिजून, सोलून, वाळून तयार हवा. सुट्टी लागायच्या दिवशी आपला शिपाई कोलू मला विचारायला आला की बोडीत नुसता चिखल आहे, पेंढ्या कुठं टाकू. मी निकालाचा तक्ता भरत होतो, मान वरही केली नाही. म्हणालो, "मंग तलावात टाक. एवढ्या पान्यात दोन गाड्यांनी काय होते?" कोलूला नेम माहीत होता. तरी गुरुजी म्हणतात म्हणून गेला, डोहात पाणी खोल आहे म्हणून डोहातच टाकून आला, आणि त्याच संध्याकाळी दिवाळीला सासुरवाडीला, पार सिरोंच्याकडं निघून गेला. अजून आलेला नाही. शाळेचा सण छपरावर वाळतो आहे असंच गाव धरून होतं.

आणि मी? मी काय धरून होतो? मला विसर पडला होता असं लिहावंसं वाटतं, आणि तू कदाचित ते मानशीलही. पण ते खरं नाही. रविवारी मासे वर आले तेव्हा पाळीवर उभा असताना एक क्षण माझ्या मनात सण आला होता. मी त्याला थांबवून काही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या डोक्यातली न बोललेली वाक्यं शोधायला निघालो, कारण माझ्या डोक्यातलं एक वाक्य मला बोलायचं नव्हतं. बुधवारी उमाजीनं ते माझ्या तोंडावर बोलून दाखवलं. म्हणून मी त्याच्या धोतरावर घसरलो. जेव्हा मास्तर मुद्दा सोडून माणसावर येतो, तेव्हा समजावं की मुद्दा त्याला लागला आहे. हेही तुझ्याच वहीत आहे, वेगळ्या शब्दांत.

काल दुपारी शाळेत येऊन मी मंगलीसमोर बसलो. म्हणालो, पळसाखाली पेंढ्या पाहिल्या. ती चुलीत काडी सारत होती. तिनं मागं न बघता सांगितलं की रविवारी पहाटे मासा तोंड वर काढून तडफडताना तिला दिसला, वासावरून तिला कळलं, आणि ती पाण्यात उतरून पेंढ्या ओढू लागली. एकटीनं बत्तीस काढल्या. मग हात चालेनात, आणि मासे तर तोवर उलटे व्हायला लागले होते. तेव्हाच पोचूनं तिला पाहिलं. म्हणजे तिच्याविरुद्धचा जो सगळ्यात मोठा पुरावा, तो तिनं मासे वाचवायला केलेल्या धडपडीचा होता. मी विचारलं, ती गाठ कुणाची हे तुला कळलं होतं का? "कळंन नाई तं काय," ती म्हणाली, "शाळंतलं हर पोट्टं तशीच गाठ मारते." मग बुधवारी बोलली का नाहीस? तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. "मी बोलली अस्ती तं कोन मानलं अस्तं, गुरुजी? बाईनं आपलं पाप गुरुजीवर लोटलं, असंच मनले अस्ते. अन् तुमी सोता बोलाल, म्हून मी वाट पाहून राह्यली व्हती."

अन्नपूर्णा, मी तीन युक्तिवाद तोडले म्हणून फुशारलो होतो. पण तिच्या त्या पहिल्या वाक्यात मला कुठंही बोट शिरवायला जागा सापडली नाही. दुसऱ्या वाक्यातला 'म्हून' तर माझ्यावरच टेकला होता. मी उठून वर्गात आलो आणि दार लावून घेतलं.

कालपासून मी स्वतःशी बरंच भांडलो आहे. पळवाटा तयार होत्या, आणि त्या माझ्याइतक्या चांगल्या कुणाला मांडता येतील? पाणी कमी झालं म्हणून मासे मेले, असं सांगता येतं. खोटं नाही, पण पाणी तर आणखीही दोन वर्षी इतकं कमी झालं होतं आणि मासळी जगली होती. पेंढ्या कोलूनं टाकल्या, असं सांगता येतं. तेही खोटं नाही, पण 'तलावात टाक' म्हणणारं तोंड कोलूचं नव्हतं. सण टाकला शाळेसाठी, म्हणजे पोरांच्या भल्यासाठी, असंही सांगता येतं. त्यावर उमाजी विचारेल की माझी पोरं पौषात काय खातील, आणि त्याचा 'म्हणून' माझ्यापेक्षा पक्का असेल. उद्या बोललो तर काय होईल ते मला माहीत नाही. नोकरीचं तपासनीस साहेब बघतील. गाव पोरं शाळेत पाठवील की नाही, ते गाव बघेल. ज्या पाळीवर माणसं माझ्या शब्दावर हसली, त्याच पाळीवर ती माझ्यावर थुंकतील, आणि मला त्याची भीती वाटते.

पेनाचं सांगायचं राहिलं. निबेजवळची पितळी पट्टी आणि टोपणावरचा चरा सांगितला तर तू लगेच ओळखशील. उत्तम निकालाबद्दल साहेबांनी शाळेला दिलेलं हे तेच फाउंटन पेन आहे. तू अकरा वर्षांची होतीस, चौथीत. तू खडू आणायला ऑफिसच्या खोलीत गेलीस, आणि तासाभरानं पेन जागेवर नव्हतं. मी तुला वर्गापुढं उभं केलं. घरचीच पोर आहे म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, यासाठी जरा जास्तच मोठ्यानं बोललो. तू रडली नाहीस. तू विचारलंस, "मी आत गेली होती म्हून मीच घेतलं, असं कसं, बाबा?" मी पाच छड्या मारल्या आणि सहावी मारली ती शाळेत 'बाबा' म्हटल्याबद्दल. त्या दिवसापासून तू मला कधी बाबा म्हटलं नाहीस. घरीही गुरुजी, पत्रातही 'तीर्थरूप गुरुजींस'. गावाला त्याचं कौतुक वाटतं, आणि मीही ते कौतुक ऐकून घेत आलो. पेन तिसऱ्या दिवशी सापडलं होतं, अन्नपूर्णा. माझ्याच कोटाचा खिसा फाटला होता आणि ते अस्तरात उतरलं होतं. तू ओसरीवर पाढे म्हणत होतीस. मी ते ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि बाहेर येऊन तुझा अठराचा पाढा तपासला. तुझ्या आईला सांगितलं नाही, ती तशीच गेली. तूही कदाचित मी बोलेन म्हणून वाट बघितली असशील. आठ वर्षं म्हणजे फार वाट झाली. उद्या सकाळी हरकारा टपालाची थैली घेऊन गडचिरोलीला निघेल, त्यानंतर तासाभरानं गाव पाळीवर बसेल. हे पत्र थैलीत पडलं की मला मागं फिरता येणार नाही, म्हणून ते आज लिहिलं. उमाजीपुढं, मंगलीपुढं मी उद्या उभा राहीनच, पण पहिला नंबर तुझा होता. तू ते पेन घेतलं नव्हतंस. मी तुला विनाकारण मारलं, आणि कळल्यावरही गप्प बसलो. यापुढं पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं ते तू ठरव. खालची सही मी हक्कानं करत नाही, तुला विचारून करतो आहे.

तुझाच,
बाबा